न हलवलेली वाळू

आमच्या वन्संना कामावर सगळे 'पाऊसताई' म्हणतात. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. यजमान गेल्यावर त्या आमच्याकडे वरच्या खोलीत राहायला आल्या, त्याला आता इतकी वर्षं झाली की त्या खोलीला आधी आम्ही काय म्हणायचो तेही आठवत नाही. सकाळी माझी प्रार्थना आटपत आली की जिन्यावरून त्या खाली येतात. पावलं वाजत नाहीत. मांजर तरी जरा चाहूल देईल. मी डोळे उघडावेत तर समोर वन्सं उभ्या, हातात चपला.

ही चाल त्यांना कामाने लावली. कडेला झाडं असलेल्या मोठ्या रस्त्याला एक जुनी दगडी इमारत आहे, तिच्या तळघरात खोटे भूकंप करून खऱ्या भूकंपांचा अभ्यास चालतो. हे नेहमी पाहुण्यांना सांगतात, "आमची ताई भूकंपाच्या कारखान्यात असते. माल अजून बाजारात आला नाही, ही देवाची कृपा." पाहुणे हसतात. वन्संही हसतात, दर वेळी, जणू पहिल्यांदाच ऐकतायत.

तळघरात मधोमध एक लोखंडी टेबल आहे, खोलीएवढं. त्याच्या खालचे दट्टे ते हवं तसं हलवतात. टेबलावर एक मोठा खोका, छातीइतक्या उंच भिंतींचा. कुठे पूल बांधायचा असेल, धरण बांधायचं असेल, तर तिथली जमीन खोल भोकं पाडून तपासतात आणि तिच्या पोटात जे असेल त्याची छोटी नक्कल या खोक्यात करतात. मग ती हलवून पाहतात. वन्संचं काम नकलेचं. त्यांच्या भाषेत सांगायचं तर, जमिनीच्या पोटात वाळू जशी निजली आहे तशीच ती खोक्यात निजवायची.

हे दिसतं तितकं सोपं नाही. वाळू फावड्याने लोटली की दाबली जाते. उंचावरून टाकली की घट्ट बसते, जवळून टाकली की सैल राहते. आणि सगळा खेळ सैलपणाचाच आहे. घट्ट वाळू भूकंपात तग धरते. पाण्याने भिजलेली सैल वाळू मात्र हादऱ्यात पातळ होते. काल ज्या जमिनीवर घर उभं होतं ती पेजेसारखी वाहायला लागते. म्हणून वाळू पाडायची ती एकाच उंचीवरून, एकाच गतीने, पावसासारखी. थर होईपर्यंत त्या खोलीत कोणी चालायचं नाही, दार आपटायचं नाही, शिंक आलीच तर बाहेर जाऊन द्यायची.

एकदा वन्सं चष्मा विसरल्या, तो द्यायला मी गेले होते. त्यांनी दार किंचित उघडलं आणि म्हणाल्या, "यायचं तर ये आत. पण बसलीस की बसलीस. उठायचं नाही."

मी स्टुलावर बसले. वन्संच्या खांद्याला कापडी पिशवी होती, तिला एक लांब नळी, आणि नळीच्या तोंडाशी बारीक जाळी. त्यांनी नळीला लावलेला चिमटा काढला आणि वाळू पडायला लागली. आवाज म्हणावा तर नव्हता. कानाला इतकंच कळत होतं की शांततेवर काहीतरी बारीक सांडतंय. त्यांचा हात खोक्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जायचा, परत यायचा, आणि वाळूचा तो पिवळसर पडदा हातामागून तरंगत जायचा. मध्येच दिव्याच्या उजेडात आला की चमकायचा. एक थर झाला की त्या बारीक चाळणीने निळी वाळू पसरायच्या, दुधावर साय असते तितकी. मग पुन्हा पिवळी. पुन्हा निळी साय. प्रार्थनेला बसल्यावर माझं मन कितीदा बाजारहाट करून येतं ते देवालाच ठाऊक. त्या दिवशी ते कुठे गेलं नाही. मी इतक्या उशिरा घरी आले की भाजी करपायलाच हवी होती, पण ती कच्चीच राहिली होती, कारण निघताना मी गॅस पेटवायलाच विसरले होते. ह्यांनी विचारलं, "झोपली होतीस का कुठे?" मला 'नाही' असं छातीठोकपणे सांगता आलं नाही.

त्या निळ्या सायीचं कारण मला वन्संनी मग समजावलं. खोक्यात खालून हळूहळू पाणी भरतात. टेबल हलवतात. मग पाणी सोडून देतात. ओली वाळू आपल्या पायावर उभी राहते, तिला पातळ पत्र्याने केकसारखं कापतात. कापलेल्या अंगावर निळ्या रेघा दिसतात. वाकल्या, तुटल्या, की सरळ राहिल्या, त्यावरून हादऱ्यात जमिनीने काय केलं ते कळतं. वरून पाहाल तर सगळं सपाट. कापल्याशिवाय पोटातलं कळत नाही.

गेल्या काही महिन्यांपासून खोक्यात आमच्याच नदीकाठची जमीन होती. काठच्या भरावावर नवं इस्पितळ बांधायचं आहे. त्याच्या पायाचे खांब किती खोल न्यायचे, हा प्रश्न. तिथल्या मुख्य संशोधक, ज्यांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणतात, त्यांनी पुन्हा पुन्हा खोके भरून घेतले. यंत्रांचे आकडे धड इकडचे ना धड तिकडचे. आणि मग एका खोक्याने कौल दिला. कापला तेव्हा वरच्या थरांमधल्या निळ्या रेघा ताठ, आणि अगदी तळच्या थरातल्या रेघा लहान लहान लाटांनी भरलेल्या.

मोठ्या बाईंनी म्हणे टाळ्याच वाजवल्या. सगळा हादरा खालीच जिरला, वरपर्यंत पोचलाच नाही! खालचा थर हलून हलून गादीसारखा झाला आणि वरची जमीन तिच्यावर सुखाने झोपून राहिली. म्हणजे खांब फार खोल न्यायला नकोत. इस्पितळ बांधणाऱ्यांना त्यांनी त्याच दिवशी कळवलं. कोणीतरी केक आणला.

वन्सं तो केकचा तुकडा कागदात गुंडाळून घरी घेऊन आल्या आणि ओट्यावर ठेवून दिला.

"वन्सं, आनंदाची बातमी आणि चेहरा असा का?"

"अगं, मिठाचा डबा दे जरा. आणि नरसाळं."

"आता? काय भरायचंय?"

"भरायचं काही नाही. सांडायचंय."

त्यांनी काळा ट्रे ओट्यावर ठेवला. कोपर कमरेशी धरून नरसाळ्यातून मीठ सोडत हात आडवा नेला. पांढरी रेघ उमटली, दोरी ताणल्यासारखी. मग त्यांनी ट्रे खाली जमिनीवर ठेवला, स्वतः खुर्चीच्या पाठीमागे उभ्या राहिल्या आणि पाठीवरून वाकून हात लांब खाली नेला. तशीच रेघ काढली.

मी वाकून पाहिलं. रेघेला लाटा होत्या. बारीक, एकीला लागून एक.

"हे आणि ते, काही फरक दिसतो का तुला?"

"अहो, 'ते' मी पाहिलंय कुठे?"

"हं. मीच पाहिलंय." त्या खुर्चीत बसल्या.

तेवढ्यात हे पाणी प्यायला आत आले. सांडलेलं मीठ, ट्रे, खुर्ची, सगळं एका नजरेत पाहून म्हणाले, "वा! आता घरीपण भूकंप?"

"हो रे," वन्सं म्हणाल्या. "हातात आहे."

ह्यांचा पेला तोंडापर्यंत गेला नाही.

मग वन्संनी सगळं सांगितलं. तळचा थर घालताना खोक्याच्या भिंतीवरून वाकून हात खोल न्यावा लागतो. हात लांबला की थरथरतो. वरचे थर घालताना कोपर अंगाशी असतं, तेव्हा नाही. डॉक्टरांना दाखवून झालं होतं, आम्हाला न सांगता. जिवाला धोका नाही, म्हणाले होते, वयाने होतं काहींना, पण जायचं नाही ते.

"कधीपासून?" ह्यांनी विचारलं.

"थंडीपासून. मला वाटलं, थंडीच आहे."

"आता तर उकाडा आहे, ताई."

"म्हणून तर कळलं."

मग मी विचारलं, "पण वन्सं, त्या लाटा भूकंपाच्याही असतील ना?"

"असतील ग. तेच व्हावं." त्या मिठावरून बोट फिरवत होत्या. "तसं निघालं तर मी उगाच घाबरले. पण माझ्या निघाल्या, आणि मी गप्प बसले, तर खांब आखूड राहतील. वर सगळी आजारी माणसं. पळायचं म्हटलं तर पळूही शकत नाहीत."

"मग सांगून टाका बाईंना."

"सांगितलं की हातातली नळी गेली." हे त्या इतक्या साधेपणाने म्हणाल्या की मला आधी कळलंच नाही. त्यांच्या आयुष्यातून वाळू काढली तर मागे काय उरतं, ते मी रोज सकाळी जिन्यावर बघते: आवाज न करणारी पावलं, बस्स.

मी म्हटलं, "मी आज प्रार्थनेत विचारते देवाला."

"त्याला काय विचारायचं? त्याला ठाऊकच आहे," वन्सं म्हणाल्या. "विचारायचंय वाळूला."

दुसऱ्या दिवशी त्या मला बरोबर घेऊन गेल्या. का, ते वाटेत सांगितलं नाही. मोठ्या बाई टेबलाजवळच होत्या, केसांत पेन्सिल खोचलेली, आणि टेबल चालवणारा मिस्त्री, ज्याला तिथे सगळे 'हलव्या' म्हणतात, तेलाचा डबा घेऊन खाली बसला होता.

"बाई, मला एक खोका भरू द्या," वन्सं म्हणाल्या. "परवासारखाच. पाणीही भरायचं. फक्त हलवायचा नाही. तसाच कापायचा."

हलव्याने टेबलाखालून डोकं बाहेर काढलं. "न हलवता? ताई, म्हणजे गॅस न पेटवता चहा! मग मला पगार कशाचा?"

"गप रे," बाई म्हणाल्या, पण हसून. "का हो पाऊसताई? न हलवलेल्यात काय दिसणार? सरळ रेघा."

वन्संनी उजवा हात बाईंच्या समोर लांब केला आणि तसाच धरून ठेवला. बोटांची टोकं पाण्यावरच्या पानासारखी हलत होती.

बाई हाताकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली, आणि मला दिसलं की त्यांना कळलंय आणि कळायला नको होतं. "अहो, वय झालं की सगळ्यांचेच हात हलतात. माझाही हलतो."

"तुमचा हलला तर सही वाकडी येईल, बाई. माझा हलला तर जमीन."

"मी इस्पितळवाल्यांना कळवून बसलेय."

"म्हणून तर घाईने आले."

बाईंनी पेन्सिल काढली, पुन्हा केसांत खोचली. खिडकी नसलेल्या त्या खोलीत त्या क्षणभर खिडकी शोधल्यासारख्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "भरा."

सगळे बाहेर गेले. वन्संनी मला स्टूल दाखवलं. "तू बस. तुला हलायला लागत नाही." तेव्हा मला कळलं, मला का आणलं ते. त्यांना एकटीने हे करायचं नव्हतं, आणि बरोबर असून नसल्यासारखं बसणारं माणूस त्यांना घरात एकच मिळालं.

पिशवी खांद्याला लावून त्या खोक्यावर वाकल्या. हात भिंतीवरून खोल आत गेला. मला स्टुलावरून मनगट दिसत होतं. ते थरथरत होतं. चिमटा अजून काढलेला नव्हता. त्यांचा डावा हात हळूच आला आणि त्याने उजवं मनगट खालून धरलं, जसं आपण पहिली पावलं टाकणाऱ्या लेकराच्या काखेत हात घालतो तसं. थरथर थांबली. नळी स्थिर झाली.

मला त्या क्षणी सगळं दिसलं. असा हात धरून थर घातला, तर रेघा सरळ येतील. न हलवलेल्या खोक्यात सरळ रेघा आल्या, की बाईंच्या लाटा भूकंपाच्या ठरतील. बाई खूश, इस्पितळवाले खूश. वन्संची नळी वन्संकडे. कोणालाही कळणार नाही. कळेल ते फक्त स्टुलावरच्या एका बाईला, जिला बोलायची परवानगी नाही.

मी डोळे मिटले. देवाचं नाव घ्यायला म्हणून मिटले, पण नावही पुढे सरकेना.

उघडले तेव्हा डावा हात बाजूला होता, पाठीमागे घेतलेला, पाठीवर मूठ करून ठेवलेला. उजवा एकटाच आत होता, थरथरणारा, आणि वाळू पडत होती. तोच बारीक आवाज. पिवळा पडदा तसाच तरंगत होता. त्याला आता कडेला किंचित सुरकुत्या होत्या, वाऱ्यावरच्या पडद्याला असतात तशा, आणि खोलीत वारा तर नव्हताच. इतकं सुंदर दिसत होतं ते, की मला रडू आलं, तेही मी आवाज न करता रडले. एक थर, निळी साय. दुसरा थर, निळी साय. मग नदीकाठच्या जमिनीत आहे तशी चिकणमातीची पातळ लादी ठेवली, आणि त्यावर वरचे थर. जसजशी वाळू वर येत गेली तसं वन्संचं कोपर अंगाजवळ येत गेलं, आणि शेवटी हात त्यांच्या जुन्या हातासारखा झाला. दुपार सरली की संध्याकाळ झाली, आत काही कळत नव्हतं. खालून पाणी सोडलं तेव्हा ते इतकं हळू चढत होतं की पाणी चढतंय की वाळू त्यात विरघळत चाललीय, असं वाटावं.

आज सकाळी पाणी सोडून दिलं. कापायला पत्रा हलव्याने आणला, पण बाईंनी तो त्याच्या हातून घेतला. खोक्याची पुढची भिंत उतरवली. बाईंनी पत्रा वरून सरळ खाली दाबत नेला आणि पुढचा काप अलगद बाजूला केला.

वरच्या रेघा ताठ. खाली, चिकणमातीच्या लादीखाली, निळ्या लाटा. लहान लहान. एकीला लागून एक.

"तश्शाच," हलव्या म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला वाटलं असावं की म्हणायला नको होतं. त्याने टोपी काढून हातात घेतली.

टेबल तर हललंच नव्हतं. वन्सं पुढे झाल्या, चष्मा सारखा केला आणि वाकून त्या लाटा पाहिल्या. कितीतरी वेळ पाहिल्या. एखादा जुना फोटो सापडावा आणि त्यातली मुलगी आपणच आहोत हे ओळखायला वेळ लागावा, तसं.

बाईंनी तिथूनच फोन लावला. "खांबांची खोली कमी करू नका. नाही, मी सांगितलेलं मागे घेते. आमच्याकडून चूक झाली." पलीकडून कोणीतरी बरंच बोलत राहिलं, चढ्या आवाजात. बाई "हो" म्हणत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मशीनची नाही. वाळूची नाही. चूक आमची. मी बघायला हवं होतं." फोन ठेवला तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

वन्सं म्हणाल्या, "'आमच्याकडून' कशाला, बाई? माझ्याकडून म्हणायचं."

"वाळू तुम्ही घातलीत. टाळ्या मी वाजवल्या." बाई त्यांच्या शेजारी खोक्याच्या कडेला टेकल्या. "हलव्याला रुळावर चालणारी गाडी करायला सांगते. नळी धरून पुढे मागे जाईल अशी. जमेल का रे?"

"जमेल," हलव्या म्हणाला. "पण ताईंसारखी नाही चालणार."

"ताईंसारखी आता ताईही चालत नाही," वन्सं म्हणाल्या, आणि आम्ही सगळे हसलो, कारण त्या हसल्या.

गाडी होईपर्यंत खोके बंद. त्यानंतर वन्संना काय काम, ते बाई बोलल्या नाहीत आणि वन्संनीही विचारलं नाही. त्यांनी बाह्या दुमडल्या. वाळू एकच असते. वाळवून, चाळून, तीच पुन्हा वापरतात. खोका रिकामा करणंही त्यांचंच काम. हलव्या फावडं आणायला निघाला, तर म्हणाल्या, "राहू दे. हाताने काढते थोडी."

त्यांनी दोन्ही हात त्या लाटांमध्ये घातले. निळी रेघ मोडली, दुसरी मोडली, वाळू कोसळून पिवळ्यात निळी मिसळली. कोपरापर्यंत हात आत गेले आणि तिथेच थांबले. वन्सं वाकलेल्या, डोळे मिटलेल्या. आता त्या रडतील असं मला वाटलं.

"अगं," त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "इकडे ये. हात घाल."

मी बांगड्या मागे सारून हात घातला. वाळू गार होती, ओली, आणि इतकी सैल की हाताला वाट विचारावी लागली नाही. आत कुठेतरी मला त्यांची बोटं लागली. ती अगदी स्थिर होती. चारी बाजूंनी वाळूने धरून ठेवलेली.

"इथे हलत नाही बघ," वन्सं म्हणाल्या.

मी हात तसाच ठेवला. वाळूच्या वर, खोलीत, कोणी बोलत नव्हतं, कोणी चालत नव्हतं, जरी आता कोणी चाललं असतं तरी काही बिघडणार नव्हतं.